सुतकातलं पाणी

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं केलं ते म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. ओट्यावर ऊन आलं होतं. ती पाय पसरून बसली होती, मधे परात. मी सोलता सोलता दाणे तोंडात टाकत होतो आणि ती बघत होती.

"खा, खा. आमटीत नुसतं पाणीच वाढते मग."

"एवढ्याशा दाण्यानं काय होतंय?"

"तोंडात दात तर उरले नाय. दाणे जातात कुठं, हेच कळत नाय मला."

मी हसलो. वरून चिकलठाण्याला उतरणारं विमान गेलं, मांडणीतली भांडी वाजली. तिनं रोजच्यासारखी त्या विमानाला एक शिवी दिली आणि चुलीवर आधण ठेवते म्हणून आत गेली. जरा वेळानं आत काहीतरी पडलं. मला वाटलं पातेलं पडलं. मी बसल्या जागेवरूनच ओरडलो, "हळू जरा!"

पातेलं पडलं नव्हतं.

मी चौथी शिकलेला माणूस. मोठमोठे शब्द मला येत नाहीत. मी आत गेलो, तिला हलवलं, तोंडावर पाणी मारलं, आणि ती नव्हती. बोटांना तुरीच्या शेंगांचा चिकटा तसाच होता. एवढ्यात माणूस जातं कसं? अजून मला हे कुणी नीट सांगितलेलं नाही. सकाळीच तर ती म्हसोबाला पाणी घालून आली होती.

त्या म्हसोबाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या शेताच्या बांधावर तो होता. गुडघ्याएवढा दगड, शेंदूर फासलेला. बांधापलीकडं ज्याचं शेत, तो माझ्यापेक्षा वयानं लहान. भावकीतला नाही, म्हणून आम्हाला मामा-मामी म्हणायचा. दरसाल नांगरताना तो बांध थोडा थोडा कोरायचा. मी ओरडायचो, तो हसायचा. मग एका उन्हाळ्यात आम्ही लेकीच्या घरी जालन्याला गेलो होतो, तेव्हा त्यानं जेसीबी लावून अख्खा बांधच आमच्या बाजूला सारला. देव पण उचलून त्या नव्या बांधावर आणून ठेवला. आमची विहीर त्याच्याकडं गेली.

गाव बसलं. त्यानं सगळ्यांसमोर बेल-भंडारा उचलला, म्हसोबाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "देव होता तिथंच हाय. खोटं बोलत असंन तर माझं वाटोळं होऊ दे."

शपथ उचलल्यावर आमच्याकडं कुणी पुढं बोलत नाही. आता देव बघून घेईल म्हणायचं आणि धोतर झटकून उठायचं. सगळे उठले. मीबी उठलो, कारण माझी खात्री होती. चार-आठ दिवसांत याचा निकाल लागतो, असं मी बायकोला म्हणालो.

निकाल काही लागला नाही. त्याच्याकडं नवा ट्रॅक्टर आला. मग जालना रोडच्या जमिनींना भाव आला, त्यानं प्लॉट पाडले. माझी विहीर बुजवली आणि तिच्यावर प्लॉटांची कमान उभी केली. कमानीला लागूनच बंगला झाला. पांढरी गाडी आली. ती गाडी घरावरून गेली की मी टायरकडं बघायचो, फुटतंय का. देवाला काढून फेकायची हिंमत त्याला झाली नाही. कमानीजवळ फरशीचा चौथरा करून घेतला आणि तिथं बसवला.

मी त्या देवाचं तोंड बघायचं सोडलं. ती मात्र रोज सकाळी अंघोळ करून पितळी तांब्या घेऊन तिथं जायची. अंगात ताप असला तरी जायची.

मी टोचायचो. "ज्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून खोटं सांगितलं, त्याला साधी सर्दी नाय आणता आली या देवाला. आन तू पाणी घालतीस."

"तुमच्या पायाला नाय ना चालावं लागत?"

"मागतीस तरी काय रोज?"

"तुम्हाला कशाला सांगू?"

"मला मरायच्या आत बघायचंय त्याचं वाटोळं."

"मग जास्त जगा. एवढी कसली घाई हाय तुम्हाला?"

मी माझ्या मनानं ठरवून टाकलं की ती त्याचंच गाऱ्हाणं घालत असणार. त्यावर मी निवांत होतो. आपली फिर्याद रोज जाते आहे, आज ना उद्या सुनावणी होईल.

आणि त्या दिवशी ती स्वयंपाकघरात आडवी होती. वाटोळं त्याचं व्हायचं होतं. देवाचं घर चुकलं का? मी हे मोठ्यानं बोललो म्हणतात. मला आठवत नाही.

बायका जमल्या. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. "सवाष्ण गेली, भाग्याची," असं एक जण म्हणाली. मी तिला म्हणालो, "मग तू जा की तिच्या जागी." लेक आली, माझ्या गळ्यात पडली, मला रडू येईना. मी त्या परातीकडं बघत होतो. निम्म्या शेंगा सोलायच्या राहिल्या होत्या. कुणीतरी परात पायानं भिंतीकडं सारली.

तेवढ्यात पांढरी गाडी आली. तो उतरला, चपला काढल्या आणि "मामी!" म्हणून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडला. तिरडी उचलताना पुढचा खांदा त्यानं धरला. माझ्या हातात मडकं होतं, नाहीतर मी काय केलं असतं सांगता येत नाही. मी पुढं चालत होतो आणि माझी बायको त्याच्या खांद्यावर होती. संध्याकाळी आमच्या घरी पिठलं-भाकरी आली तीही त्याच्याच बंगल्यावरून. आमची सगळी गल्ली भावकीची, सगळ्यांना सुतक. चूल पेटली होती ती एकट्या त्याची. मी ताटाला हात लावला नाही.

सकाळी उजाडलं तेव्हा लेक भिंतीला टेकून झोपली होती. दिवा जळत होता. मांडणीवर बायकोचा तांब्या पालथा होता. मी अंघोळ केली, तांब्या भरला आणि निघालो. का निघालो ते माहीत नाही. एवढंच डोक्यात होतं की तिचा खाडा पडला नाही पाहिजे.

कमानीजवळ गेलो, चौथऱ्यापुढं उभा राहिलो, तांब्या वर उचलला, आणि मला आठवलं. मला सुतक आहे. देवाला शिवता येत नाही. इतकी वर्षं हात रिकामे होते तेव्हा आलो नाही, आणि आता आलो तर हात चालत नाहीत. लेकीलाही तीन दिवसांचं आहेच. गल्लीत जाऊन कुणाला उठवू? सगळेच तसले. मी तांब्या धरून नुसता उभा राहिलो.

फाटक वाजलं. तो बाहेर आला, मला बघून थबकला.

"मामा, इथं काय करताय? घरी चला, मी सोडतो."

मी जागचा हललो नाही. मग तोच बोलायला लागला.

"मामी रोज यायच्या. मला वाटायचं मला शिव्याशाप देतात. एकदा न राहवून इचारलं मी."

"काय म्हणाली?"

"म्हणल्या, तुझं नाव पण नाय घेत मी इथं. तुझं त्याला ठाऊक हाय, मी कशाला सांगू? मी पाणी घालते आन जाते."

इतक्या वर्षांत फिर्याद गेलीच नव्हती. ती नुसती देवापुढं उभी राहून यायची आणि घरी येऊन मला जास्त जगा म्हणायची.

"झालं ते झालं, मामा," तो म्हणाला. "जमिनीचं आता काय घेऊन बसायचं?"

मी तांब्या त्याच्यापुढं केला. "घाल."

तो मागं सरला. "मी? दुसऱ्या कुणाला सांगा ना."

"दुसरं कोन हाय? सगळी गल्ली सुतकात हाय. तू तेवढा मोकळा हाईस."

"मी नाय शिवत त्याला, मामा. चौथरा बी गवंड्यानं केला."

"व्हय? शिवला होतास की एकदा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तांब्या घेतला, पायातलं काढलं आणि चौथऱ्यावर चढला. मी त्याच्या हाताकडं बघतच नव्हतो. पाणी देवाच्या डोक्यावरून खाली आलं, फरशीवरून वाहिलं, कडेच्या मातीत गेलं. मी तेवढं बघितलं.

मी त्याला माफ केलेलं नाही. विहीर माझी होती, आजही माझीच आहे.

त्यानं रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

"उद्या याच वक्ताला ये," मी म्हणालो. "सुतक फिटेस्तोवर रोज यावं लागंल तुला. पाणी मी आणीन."

मग घरी आलो, परात ओढली आणि राहिलेल्या शेंगा सोलायला बसलो.