कापलेलं वाक्य

शेजारच्या सुमनकाकूंचा मुलगा कालव्याच्या पुलावरून पडून गेला. टीव्हीवाले घरी आले, तेव्हा मी काकूंजवळच बसले होते. वार्ताहराने माईक पुढे करून विचारलं, "आत्ता काय वाटतंय?"

काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "पुलाला कठडा बसवा म्हणून किती वेळा सांगितलं आम्ही!"

संध्याकाळच्या बातम्यांत ते वाक्य नव्हतंच. नुसता काकूंचा चेहरा होता आणि त्यामागे व्हायोलिनचे सूर. काकूंच्या खोलीत तेव्हा पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता! दुःख दाखवणं सोपं असतं; त्याचा जाब कुणाला द्यावा लागत नाही.

सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "नशीब एकेकीचं."

"नशीब कसलं?" मी ओरडलेच. "काकू कठड्याचं बोलल्या होत्या. यांनी ते कापलं!"

सासूबाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, "का कापलं गं?"