भरताचं वांगं

ठाण्यातल्या आमच्या कंपनीत गॅसच्या शेगडीचा नवा बर्नर तयार होत होता. भोकांऐवजी बारीक जाळी, आणि विषारी वायू जवळजवळ नाहीच. त्याची चाचणी घेणं हे माझं काम. रोज तेच ॲल्युमिनियमचं पातेलं, तेवढंच मोजून घेतलेलं पाणी, वर विषारी वायू मोजणारं मीटर. निकाल इतके छान यायचे की मलाच शंका यायची.

पहिल्याच महिन्यात मी म्हटलं होतं, "सर, यावर एकदा वांगं भाजून बघूया."

टीममधले सहाही जण हसले. "मॅडम, भरीत घरी करा," साहेब म्हणाले. त्या सहा पुरुषांपैकी एकानेही उभ्या जन्मात वांगं भाजलेलं नसणार. भरीत मात्र बोटं चाटून खाल्लेलं. मीही गप्प बसले. त्याचा मला अजून संताप येतो.

मग वापरून बघायला काही घरांत शेगड्या दिल्या. महिनाभरात डोंबिवलीच्या एका काकूंचा फोन आला. ज्योत पिवळी येते, स्वयंपाक करताना डोकं गरगरतं. मी गेले. वांग्याचा रस आणि जळक्या सालीने जाळी अर्धी बुजलेली. शेगडी पेटवून मीटर धरलं तर ते कोकलायलाच लागलं. मी घाईघाईने खिडकी उघडली.

काकू ओशाळून म्हणाल्या, "अगं, माझंच काही चुकलं का गं?"

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना साध्या बर्नरची शेगडी देऊन तो बर्नर मी पिशवीत घालून आणला.

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'ग्राहकाकडून चुकीचा वापर'. खाली माझी सही झाली की बर्नर बाजारात जायला मोकळा. चुकीचा वापर म्हणे! भरीत काय पातेल्यात पाणी उकळून करतात? बाईने पोळ्या लाटायच्या, वांगी भाजायची, चक्कर येऊन पडायचं आणि वर चूकही तिचीच!

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तकनगरच्या भाजीवालीकडून चांगलं टपोरं वांगं घेतलं. चाचणीच्या टेबलावर काकूंचा तोच बर्नर जोडला, वांग्याला तेल चोळलं आणि सगळ्यांदेखत वर ठेवलं. पिवळी ज्योत वांग्याला चाटू लागली. मीटर किंचाळायला लागलं. साहेब केबिनमधून धावत आले.

"मॅडम, आधी बंद करा ते!"

"थांबा सर," मी वांगं उलटत म्हटलं, "अजून आतून कच्चं आहे."