कोरा शिधा

"कंडक्टर, जेवनाचं राहू दे. कोरा शिधा पाठवून दे घरी."

आमच्या गावचा मालगुजार, म्हणजे जुना जमीनदार, आमच्या दारात उभा राहून बाबांना हे सांगत होता. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. मांडव पडला होता. जेवणाचं आवतण द्यायला बाबा त्याच्याकडे स्वतः जाऊन आले होते, त्याचं हे उत्तर. खुर्ची दिली, बसला नाही. पाणी विचारलं, आत्ताच प्यालो म्हणाला.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या ब्रह्मपुरीकडच्या त्या खेड्यात बौद्धाघरी लग्न असलं की वरच्या घरांना आमचं शिजवलेलं चालत नाही. कच्चा तांदूळ, डाळ, तेल, गूळ टोपलीत घालून त्यांच्या घरी पोचवायचा. तो त्यांच्या चुलीवर शिजला की चालतो. हाच कोरा शिधा. तांदूळ आमच्याच हातांनी रोवलेला, कापलेला, झोडलेला. तोवर विटाळ नाही. आमच्या चुलीवर चढला की विटाळ. काय अक्कल आहे!

बाबा म्हणाले, "हो मालक." उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला घंटी मारून खाली उतरवणारा. स्वतःच्या दारात मात्र त्यांची मान खाली होती.

शिधा मला नवा नव्हता. लहानपणी मीच डोक्यावर टोपली घेऊन तो पोचवला आहे. मला झोंबलं ते दुसरंच.

मी कॅलिफोर्नियात नर्स आहे. बदामाच्या बागांचं गाव, बागा बऱ्याचशा पंजाब्यांच्या, आणि मधोमध गुरुद्वारा. देवावर माझा विश्वास नाही, पण रविवारी मी तिथे लंगरच्या सेवेला जाते. पंगतीसाठी जाते. जोडे काढायचे, डोकं झाकायचं, जमिनीवर एका ओळीत बसायचं. ट्रकवाल्याच्या मांडीला डॉक्टरची मांडी. जेवताना कोणी आडनाव विचारत नाही.

मालगुजाराचा मुलगा तिथेच, जवळच्या शहरात राहतो. गेल्या वर्षी मालगुजार त्याच्याकडे राहायला आला होता. परक्या देशात म्हाताऱ्याला करमेना, म्हणून मुलगा त्याला गुरुद्वारात घेऊन आला. मला पाहून म्हातारा हरखला. गावची पोरगी! मग दर रविवारी यायला लागला. मी पोळ्या लाटायची, वाढायची. तिथे पोळीला परशादा म्हणतात आणि तो दोन्ही हात पुढे करून घ्यायचा असतो. मालगुजार माझ्यापुढे दोन्ही हात करायचा. "बाई, तुह्या हातच्या पोळीले चव आहे," म्हणायचा. डोक्याला केशरी रुमाल बांधून पोळी लाटतानाचा स्वतःचा फोटो त्यानं साऱ्या गावाला पाठवला. खाली लिहिलं, माणूस सगळा एक.

मी भाळले. मीच फोनवर बाबांना म्हटलं, मालगुजार बदलला, आता आपल्याकडे जेवेल. म्हणून बाबा आवतण घेऊन गेले.

माझ्या हॉस्पिटलातल्या एका पंजाबी बाईनं तेव्हाच सांगितलं होतं की बदामाच्या त्याच गावात दुसऱ्या टोकाला तिच्या लोकांचा, म्हणजे पंजाबातल्या दलितांचा, गुरुद्वारा वेगळा आहे. पंजाबातल्या तिच्या गावी तिच्या आजोबांना वरच्या जातीच्या शिखांनी ताटं घासायलाच बसवलं, पंगतीत कधी घेतलं नाही. "पंगत एक है, रिश्ते अलग हैं," म्हणाली, आणि हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तर मी मांडवातून पुढे झाले. म्हटलं, "काका, तिथी तुम्ही माह्या हातची पोळी मांगून खाल्ली."

तो रागावला नाही. लेकराला समजावतात तसं मायेनं म्हणाला, "तिथची गोष्ट अलग आहे बाई. तिथी कोन कोनाले वळखते? इथी सारे वळखतात."

आणि गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या मायेचा मला आजही संताप येतो.

बाबांनी टोपली काढली. आईनं निवडलेला नवा तांदूळ तिच्यात भरला. मी टोपलीवर हात ठेवला. बाबा म्हणाले, "तू चार दिवस येतेस. आमाले इथीच राहाचं आहे."

  मांडवातल्या माणसांसाठी चुलीवर आधण उकळत होतं. मी टोपली उचलली आणि सगळा तांदूळ त्यात ओतला. म्हटलं, "आता पाठवाचा असन तं भात पाठवा."

लग्नात मालगुजाराच्या घरचं कोणी आलं नाही. त्याच्या मागे चालणारी घरंही आली नाहीत. लग्नातला उरलेला भात दुसऱ्या दिवशी गुरांना घातला. बाबा मी निघेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मालगुजाराच्या मुलानं फोनवर कळवलं, आमचे बाबा जुन्या वळणाचे आहेत, मनावर घेऊ नकोस. मी मनावर घेतलं आहे.

कॅलिफोर्नियात परत आल्यावर पहिल्याच रविवारी मालगुजाराचा मुलगा पंगतीत बसलेला दिसला. पोळ्यांचं टोपलं माझ्या हातात होतं. तिथे कोणालाही नाही म्हणायचं नसतं. मीही म्हटलं नाही. त्यानं दोन्ही हात पुढे केले, मी परशादा ठेवला. मग आजूबाजूच्या पंजाबी बायांनाही समजावं म्हणून हिंदीत मोठ्यानं विचारलं, "आपके पिताजी हमारे घर खाना खाने कब आएँगे?"

 पुढच्या रविवारी तो लांबच्या ओळीत जाऊन बसला. मी टोपलं घेऊन त्या ओळीत गेले आणि तेच विचारलं. तो यायचा थांबला तर त्याच्या घराची बेल वाजवून विचारीन. त्याचा बाप आमच्या मांडवात मांडी घालून बसेपर्यंत विचारीन. तोवर आमच्या घरातून कच्च्या तांदळाचा एक दाणाही त्यांच्या उंबऱ्यात जाणार नाही.