रिलीव्हर आला का?

युनिफॉर्मला मशीनच्या कूलंटचा वास आला की रावेतचे आमचे शेजारी, लेखक काका, आठवतात. एवढं मोठं नाव, पण उमेदीची वर्षं पिंपरीत लेथवर गेलेली. शेवटच्या दिवसांत ते झोपेनात, सारखं विचारायचे, "रिलीव्हर आला का?" पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, ही कंपनीतली रीत त्यांच्या मुलीला कुठून कळणार? मी चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून तसाच त्यांच्या खाटेशी गेलो. "आलो भाऊ, निघा तुम्ही." त्यांनी माझी बाही हुंगली. "हातातला जॉब अर्धा झालाय, नीट उतरव," म्हणाले आणि शांत झोपले, ते उठलेच नाहीत. पेपरवाले त्यांच्या अर्धवट कादंबरीबद्दल हळहळले. तिचा चार्ज माझ्याकडे आहे, आणि मला अजून साधा रजेचा अर्जही धड लिहिता येत नाही.