हौशीरामला तिसराच नंबर हवा होता

पुण्यापर्यंत विजेची गाडी धावायला लागली, त्या सुमारास लोणावळ्यात पियानोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. हसू नका! विजेच्या कामापायी स्विस, जर्मन, इंग्रज अशी नाना मुलखांची माणसं येऊन राहिलेली. हॉटेलात वाजवायला एक इटालियन आणि बँडवर गोव्याचा मास्तर. जिमखान्याच्या सेक्रेटरीनं बोटांवर देश मोजले आणि फळ्यावर खडूनं ठसठशीत 'आंतरराष्ट्रीय' लिहून टाकलं. त्याच फळ्यावर अगदी तळाला नाव होतं औंढ्याच्या हौशीरामचं!

हौशीराम लोणावळ्याजवळच्याच औंढे गावच्या भजनी मंडळाचा पेटीवाला. पोटापाण्यासाठी लोणावळ्याला पिरोजाबाई या पारशी बाईंच्या बंगल्यावर बाग राखायचा. पावसाळ्यात बाई मुंबईला जात. तेव्हा पियानोला ओल लागू नये म्हणून खाली कंदील पेटता ठेवायचा आणि पट्ट्या आखडू नयेत म्हणून रोज दाबायच्या, हेही काम त्याच्याकडेच. दाबता दाबता गड्यानं अभंगाच्या चाली काढल्या की! बाई परतल्या त्या दारातच थबकल्या. उजवा हात झकास चाललाय, आणि डावा मात्र मागं हवेत नुसता पुढं-मागं, पुढं-मागं. जन्मभर पेटीचा भाता मारलेला हात तो, गप कसा बसेल?

"अरे हौशीराम, पियानोला हवा नाय लागत! तो हात बी इकडे आण!"

दोन हिवाळे बाईंनी तो हात पुढं ओढला. तरी रंग चढला की तो पळायचाच मागं. तशातच बाईंनी स्पर्धेत त्याचं नाव देऊन टाकलं.

हौशीराम नाहीच म्हणणार होता. पण जिमखान्याच्या टेबलावर बक्षिसं मांडलेली दिसली. पहिल्याला सोन्याचं पदक, दुसऱ्याला चांदीचा कप आणि तिसऱ्याला पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं दिलेली नवी कोरी बाजाची पेटी! त्याचा जीव तिथंच अडकला. मंडळाच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला आणि देवळातला सप्ताह तोंडावर आलेला.

मंडळाचे म्होरके रखमाजीआबा. त्यांनी बजावलं, "पयला नगं, दुसरा बी नगं. तिसराच आण. कप काय मांडीवर घिऊन वाजवायचाय?"

"आन् चुकून वर गेलो तर, आबा?"

"तर तिकडंच ऱ्हा. गावात येऊ नगंस!"

पहिल्या फेरीत सगळ्यांना एकच धडा वाजवायचा होता. हौशीरामनं स्टुलाला हात लावून नमस्कार केला, वहाणा काढल्या, तेव्हा मडमा गालात हसल्या. पण धडा निभावला. दुसरी फेरी आपापल्या पसंतीची. त्यानं बाईंनी शिकवलेला नाचाचा वॉल्ट्झ वाजवला. शेवटच्या फेरीला चौघं उरले आणि सेक्रेटरीनं गुण वाचले. स्विस इंजिनिअरची बायको पहिली, हॉटेलातला मारिओसाहेब दुसरा, हौशीराम तिसरा, गोव्याचा मास्तर चौथा. अगदी हवं तसं!

"आता फक्त काल वाजवलंस तसंच वाजव," बाई कानात म्हणाल्या. "एक सूर जास्ती नको!"

मागं आबा अख्खं मंडळ घेऊन उभे. मारिओसाहेबानं त्याच्या गावाकडची एक चाल अशी काही वाजवली, की टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. आणि लगेच पुकारा झाला हौशीरामचा.

आता आमच्याकडं भजनाच्या बारीचा, म्हणजे दोन मंडळांच्या सामन्याचा, रिवाज असा, की समोरच्याची चाल आधी उचलायची, तिला मान द्यायचा, मग आपली सुरू करायची. तसं नाही केलं तर तो माजोरीपणा. हौशीराम बसला आणि बोटांनी विचारलंच नाही त्याला! मारिओची चाल उचलली, घोळवली, वळवत वळवत थेट अभंगात आणून सोडली. मंडळानं टाळ्यांचा ठेका धरला, साहेबलोक पायानं ताल द्यायला लागले. डावा हातसुद्धा मागं पळायचं विसरला.

आबा तेवढे कपाळ धरून. "आरं थांब, थांब! वर चाललास की रं!"

निकाल लागला. हौशीराम दुसरा, मारिओ तिसरा.

टाळ्यांनी छप्पर हाललं आणि हौशीरामच्या डोळ्यांत पाणी. साहेबांना वाटलं, आनंदाचं! कप काखेत धरून तो पेटीकडंच बघत राहिला. तिकडं मारिओ पेटी खुर्चीवर ठेवून पट्ट्या दाबतोय, आवाज काही निघेना. त्यांच्याकडच्या पेटीला पायानं हवा भरतात म्हणे, म्हणून तो खुर्चीखाली पायानं पेडल चाचपायला लागला.

हौशीरामला राहवेना. कप आबांच्या हातात कोंबून तो धावला आणि डाव्या हातानं भाता मारायला लागला. पेटी बोलली! मारिओ पट्ट्या दाबतोय, हौशीराम हवा भरतोय, आणि चाल तीच, मघाची. मारिओ एवढा हसला, एवढा हसला! पिरोजाबाईंनी इंग्रजीत त्याला काय सांगितलं कोण जाणे. त्यानं पेटी उचलून हौशीरामच्या कवेत दिली आणि आबांपुढं हात पसरला.

आबांनी कप पाठीमागं लपवला. "ह्यो बी ऱ्हाऊ दे की! परसाद वाटायला बरा हाय."

"आबा, द्या त्यांचा!"

"देतो रं, देतो. नुसतं इचारलं."

पेटी औंढ्यापर्यंत आबांनी स्वतःच्या डोक्यावरनं नेली, कुणाला हात लावू दिला नाही. आणि सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी विठोबापुढं पहिला अभंग झाला तो मारिओसाहेबाच्या चालीवर. चाल उचलली होती ना, मग मान नको द्यायला?