सुभेदारांच्या दारातली पालखी

भोर-वेल्ह्याच्या चरित्रकोशात महायुद्धातल्या सुभेदारांची नोंद माझ्यामुळे आली, असं लोक मानतात. संपादक म्हणून ते श्रेय मी इतकी वर्षं मुकाट घेतलं. खरं तर ते आमच्या संपादक मंडळातल्या एका निवृत्त कोर्ट कारकुनांचं आहे.

हे गृहस्थ अडकित्त्याने सुपारी कातरत बसायचे आणि प्रत्येक नावाला विचारायचे, "पुरावा?" स्वतःच्या आजोबांचं नावही त्यांनी असंच उडवलं होतं. सुभेदारांना ना पदक, ना कुठल्या लढाईत नाव.

"पलटणीत नोकरी तर निम्म्या तालुक्यानं केली, मास्तर," ते म्हणाले. मीही मान डोलावली. पण नाव कापण्याआधी गावात जाऊन चौकशी करायची, ही त्यांची रीत. विंझरच्या पुढे सुभेदारांच्या गावी जत्रा होती, तिथे ते गेले.

परतले ते थेट माझ्या घरात, अंगावर गुलाल, चपला पायातच.

"मास्तर, छपाई थांबवा! पालखी सुभेदाराच्या दारात थांबली!"

"मानकरी असतील."

"न्हाई वो! मान पाटलाचा. ह्यो गावानं नवा दिलाय. लढाईवरनं आला तवा आधी पलटणीतल्या मेलेल्या गड्यांच्या घरी गेला, गावोगाव, पायी. म्हाताऱ्या बाया आजून सांगत्यात!"

त्यांचा आनंद पाहून मलाही स्वस्थ बसवेना. मी कागद ओढला. "पराक्रम काय लिहू?"

"लिवा, लढाईत काय केलं ठाऊक न्हाई. परतल्यावर सोताच्या घरी समद्यात शेवटी गेला."