डॉक्टरांच्या गाडीला मी ब्रेक बसवले

माझं लग्न मोडता मोडता राहिलं. हुंड्यावरून नाही, मानपानावरून नाही, हवेवरून. हसू नका, अजून तर काही सांगितलंच नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी दौंडला रेल्वेत नवा नवा ब्रेक फिटर होतो. नवा असल्यामुळे मला सगळंच येत होतं. शिरूरची सुमन मी पाहून आलो होतो. तिला मी पसंत, मला ती पसंत, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. ते शिरूरच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते.

आणि डॉक्टरांची गाडी म्हणजे काय गाडी होती! चार दारांची, पण बुटकी आणि लाल, परदेशातून आलेली. शर्यतीच्या गाडीला घरसंसार झाला तर ती अशी दिसेल. पळायला वाघ, थांबायला मात्र जरा आळशी. म्हणून डॉक्टरांच्या भावानं तिकडून पुढच्या चाकांसाठी मोठे कॅलिपर पाठवले. कॅलिपर म्हणजे जबडाच. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते, आपण पेडल दाबलं की पाइपातलं तेल जोर लावतं आणि हा जबडा त्या चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतो. पेटी येऊन तीन महिने झाले, पण शिरूरमध्ये तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

"आता गाडी पुन्याला न्यावी लागतीया," आप्पा म्हणाले.

"कशापायी? ब्रेकचंच तर काम करतो मी," मी म्हणालो. सासऱ्यासमोर छाती काढायची अशी संधी कोण सोडतो?

सुपारीचा रविवार ठरला. मी सकाळच्या एसटीनं एकटाच पुढे गेलो. माझा बेत असा होता की, दुपारपर्यंत कॅलिपर बसवायचे आणि संध्याकाळी चारला आप्पांच्या दारात, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्याच लाल गाडीतून उतरायचं. डॉक्टरांनीही हो म्हटलं. रेल्वेचा माणूस म्हटल्यावर त्यांना धीर आला बिचाऱ्यांना.

आता मला एक खोड आहे. कुठलीही वस्तू उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो नवा कॅलिपर मी तासभर उलटासुलटा करून पाहिला. त्याच्या डोक्यावर एक बारीक स्क्रू होता. हा कशाला असावा? पेटीत एक माहितीपत्रक होतं, पण ते कुठल्या भाषेत होतं देव जाणे. मी ते बाजूला ठेवलं आणि कामाला लागलो.

अकराच्या सुमारास सुमन चहा घेऊन डॉक्टरांच्या अंगणात आली. माझ्याशी थेट बोलणं तेव्हा बरं दिसत नव्हतं. तिनं ते माहितीपत्रक उचललं, चित्रं पाहिली आणि वडिलांकडे वळली. "आप्पा, ह्यात बगा की. त्या स्क्रूला नळी लावलीया आन् नळीचं टोक बाटलीत सोडलंय. बाटलीत बुडबुडं येत्यात. ते कशाचं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांना उत्तर दिलं. "हवा असंल पाइपात."

"आप्पा, मंग ती हवा भायेर काढाय सांगितली असंल का?"

हा प्रश्न ऐकून मला खरंच हसू आलं. त्याचं कारण ऐका, सगळी मेख तिथंच आहे. रेल्वेत त्या काळी व्हॅक्युम ब्रेक असायचे. इंजिन पाइपातली हवा ओढून घेतं, तोवर ब्रेक सुटलेला राहतो. पाइपात हवा शिरली की ब्रेक लागतो. तुम्ही डब्यातली साखळी ओढता तेव्हा गाडी का थांबते? हवा आत शिरते म्हणून. दिवसातून पन्नास वेळा मी हे डोळ्यांनी बघत होतो.

"आप्पा," मी म्हणालो, "हवा काढली तर ब्रेक सुटंल की. हवाच तर ब्रेक लावती. राहू द्या ती आत, आपल्या कामाची हाय."

 सुमन माहितीपत्रक घडी करून घेऊन गेली.

चारला थोडं कमी असताना आम्ही निघालो. आप्पा स्टिअरिंगवर, मी शेजारी, अंगात नवा शर्ट. आप्पांनी पेडल दाबून पाहिलं. "मऊ लागतंय वो."

"मऊच पायजे. हवा हाय ना आत."

हँडब्रेकची तार तुटून वर्ष झालं होतं. तिचं काम चाकाखालचा एक दगड करायचा, आणि तो दगड डॉक्टरांच्या फाटकापाशीच राहिला. आप्पांच्या घराकडे जाणारा रस्ता उताराचा. लांबून दारातली मंडळी दिसली. माझे वडील, म्हणजे आबा, मधोमध बसले होते. बायका पदर सावरून उभ्या होत्या. आप्पांनी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही.

"अवो, लागंना," आप्पा म्हणाले.

"पुन्हा दाबा."

"दाबतूय की मगाधरनं."

त्यांनी गियर पार खाली आणला. गाडी बैलगाडीच्या चालीनं चालू लागली, पण थांबायचं नाव घेईना. मंडळी स्वागताला उठली. कुणीतरी हार पुढे केला. आणि आम्ही त्यांच्यासमोरून, अगदी सावकाश, सगळ्यांचे चेहरे नीट दिसतील अशा बेतानं, पुढे निघून गेलो. मला काय करावं सुचेना. मी खिडकीतून हात जोडले.

उतार संपून चढ लागला तेव्हा कुठं गाडी थांबली. चाकाखाली दगड लावून आम्ही पळत परत आलो, तर इकडे सगळे चपला शोधत होते.

"दारावरनं हात जोडून गेला पोरगा," सुमनचे चुलते आबांना म्हणत होते. "नको हुती तर आदी सांगायचं. पोरीची अशी शोभा कशापायी करायची?"

आबांची मान खाली. दाराआड सुमन उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.  आप्पा धापा टाकत होते, त्यांना बोलता येईना. म्हणजे बोलायचं मलाच होतं, तेही ज्यांच्यासमोर मिरवायला निघालो होतो त्यांच्यासमोर.

"मला सुमन पसंत हाय," मी म्हणालो. "गाडी थांबली न्हाई, कारण ब्रेक मी बसवलाय. हवा काढायची व्हती. तिनं सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई."

 मग आबांनी मान वर केली. "आन् दौंडात रोज काय करतूस रं तू?"

हशा झाला आणि त्या हशातच सुपारी फुटली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पेडल दाबलं, मी स्क्रू सोडला, आणि सुमननं बाटलीतले बुडबुडे संपेपर्यंत मोजले. पेडलचा सगळा जोर आतली हवा दाबण्यातच जिरत होता; ती गेली आणि ब्रेक असा लागला की डॉक्टर खूश.

लग्न झालं, सुमन दौंडला आली. रेल्वेवाल्याच्या बायकोला गाडीचा पास फुकट मिळतो, तुम्हाला ठाऊक आहे. पण पहिलं वर्षभर ती पुण्याला जायची ते एसटीनं, तिकीट काढून. शेजारणींना नवल वाटायचं. एकीनं विचारलंच, तर म्हणाली, "मी काय आगगाडीला भीत न्हाई वो. पर ह्यांनी कुठल्या डब्याला हात लावलाय ते वर लिवलेलं नसतंय."